फळ्यामागे काही नाही

आंब्याच्या बुंध्याला कान लावून मी उभी होते. माझ्यामागे वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांतल्या कोणीतरी हळूच विचारलं, "काय ऐकतायत त्या?" दुसऱ्यानं दटावलं, "गप रे, ठोके बघतायत."

ठोके नव्हते, करकर होती. कोणी तोंड मिटून टोस्ट खावा तसा आवाज. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. खोडाच्या आत, माझ्या कानापासून चार बोटांवर, एक अळी जेवत होती.

"आहे," मी म्हटलं.

"कोण आहे?" वाडीच्या कमिटीचे सेक्रेटरी शेखर पाटकर यांनी विचारलं.

"खोडकिडा. कोकणात याला भिरूड म्हणतात."

भिरूड म्हटल्यावर मागची कुजबुज थांबली. वाडीतली निम्मी घरं मूळची कोकणातली. आंब्याला भिरूड लागल्यावर पुढे काय होतं ते त्यांना सांगावं लागत नाही. फक्त ते गावाला होतं, मुंबईत ठाकूरद्वारला नाही, अशी सगळ्यांची समजूत होती.

मी लालबागच्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निकल ऑफिसर आहे. आमच्या कंपनीचं पोट झुरळं, ढेकूण आणि वाळवी यांच्यावर चालतं. झाडांची कामं वर्षाकाठी चार-पाच. ती माझ्या टेबलावर येतात, कारण मी कोकणातल्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकले आणि लग्न होऊन परळला आले. आंबा, काजू, नारळ यांच्या किडी पाठ करून मी वीस वर्षं लोकांच्या ओट्याखाली झुरळांचं जेल लावत आले. तक्रार नाही. झुरळही कीटकच आहे. पण आंब्याचा कॉल आला की मी चप्पल जरा भराभर घालते, हे खरं.

कॉल यायचं कारण असं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी या झाडाची मांडीएवढी फांदी वारा नसताना मोडली आणि पाटकरांच्या स्कूटरवर पडली. स्कूटर गेली. पाटकरांची धाकटी मुलगी रोज सकाळी त्याच स्कूटरवर बसून शाळेच्या गाडीची वाट बघते. रविवार होता म्हणून ती तिथे नव्हती.

"मॅडम, सरळ सांगतो," पाटकर मला म्हणाले. "मला झाड नको असं नाहीये. दरवर्षी माझ्या पण घरी कैऱ्या येतात. पण सोमवार असता तर?"

कमिटीनं झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज तयार ठेवला होता. तो पाठवण्याआधी एकदा जाणकाराला दाखवा, असा हट्ट वाडीत फक्त एका माणसानं धरला. ते परबकाका. विमा कंपनीतून हेड क्लार्क म्हणून रिटायर झालेले, सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. शेवटी ठरलं की एक रिपोर्ट मागवायचा आणि वाडीची सभा घेऊन निकाल लावायचा. म्हणजे झाडाचं जगणं-मरणं माझ्या दोन पानांवर आलं होतं.

आता हा खोडकिडा काय प्रकार आहे ते सांगते. मोठा झाल्यावर तो एक भुंगा असतो. राखाडी, करंगळीएवढा, पाठीवर दोन नारिंगी ठिपके आणि अंगापेक्षा लांब मिशा. पावसाच्या तोंडावर तो बाहेर पडतो. मादी आंब्याच्या सालीत जिथे चीर किंवा जखम असेल तिथे ती कुरतडून एक अंडं घालते. मग दुसरी जागा, दुसरं अंडं. आठ-पंधरा दिवसांत अळी निघते, साल खाते आणि लाकडात शिरते. पुढचे कित्येक महिने, कधी वर्षभर, ती आत बोगदे खणत राहते. आतच कोष करते. पुढच्या पावसाळ्यात भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. म्हणजे त्याच्या आयुष्यातला जवळजवळ सगळा काळ तो आपल्याला दिसतच नाही. दिसतं ते त्याचं उष्टं. भोकातून बाहेर ढकललेला लाकडाचा भुसा आणि सालीवरून ओघळलेला डिंक.

त्या दिवशी मला बुंध्याच्या पश्चिमेला चार भोकं सापडली. मी पिशवीतून सायकलचा स्पोक काढला. त्याचं टोक वाकवून आकडा केलेला आहे. या कामासाठी परदेशी हत्यारंही मिळतात म्हणे, पण माझं या स्पोकवर भागतं. परबकाकांनी न सांगता टॉर्च धरला. मी आकडा आत सरकवला, मऊ लागलं तसा फिरवला आणि ओढला. बोटभर लांब, पांढरी, जाडजूड, काळ्या डोक्याची अळी बाहेर आली.

"आई गं," गॅलरीतून एक बाई म्हणाल्या. आणखी चार मोबाइल पुढे झाले.

दोन अळ्या आकड्यानं निघाल्या, दोन खोल होत्या. त्या भोकांत औषधाचा बोळा कोंबला आणि चारही भोकं चिखलानं लिंपून टाकली.

"चिखल?" पाटकर म्हणाले. "सिमेंट नको का? पक्कं होईल."

"सिमेंटनं भोक बुजतं, अळी मरत नाही. तिला एक दार बंद झालं की ती दुसरीकडे तोंड काढते. चिखल कसा, पंधरा दिवसांनी फोडून आत बघता येतं."

"म्हणजे सिमेंट अगदी वाईटच?" परबकाकांनी विचारलं.

"अगदी वाईट."

टॉर्चचा उजेड थोडा खाली गेला. म्हातारा माणूस, हात भरून आला असेल, असं मला वाटलं.

मग मी झाडाला फेरी मारली. पूर्वेच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, फळा होता. दोन हात रुंद, काळा, लाकडी चौकटीचा, थेट बुंध्यावर ठोकलेला. हा परबकाकांचा फळा. गेली अनेक वर्षं रोज सकाळी सात वाजता ते त्यावर लिहितात. वर एक सुविचार, खाली वाडीच्या बातम्या. कोण गेलं, कोण पास झालं, पाणी कधी येणार. वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण पाण्याची वेळ लोक अजून फळ्यावर बघतात, कारण ग्रुपवर चार वेगवेगळ्या वेळा येतात आणि फळ्यावर एकच. अक्षर असं की खडूनं लिहिलंय यावर विश्वास बसू नये.

"फळा उतरवून मागे बघू का?" मी विचारलं.

"फळ्यामागे काही नाही," परबकाका म्हणाले. "गणपतीआधी मीच उतरवून रंगवला. साल ठणठणीत आहे."

मी सोडून दिलं. का सोडलं याचा मी नंतर बराच विचार केला. एक तर त्या दिवशी फळ्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या निधनाची बातमी होती आणि तो उतरवा म्हणायला माझी जीभ रेटेना. दुसरं, झाडासाठी एकटे भांडणारे गृहस्थ झाडाबद्दलच खोटं बोलतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिसरं कारण आळस. साडेबारा वाजले होते आणि मला वरळीला ढेकणांची व्हिजिट होती.

पंधरा दिवसांनी आमचे मालक, नाईकसाहेब, यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या मोबाइलवर पाटकरांनी पाठवलेला फोटो होता. बुंध्याखाली ताज्या भुशाचा ढीग. खाली ओळ: मॅडमचं औषध चाललेलं दिसत नाही.

"सुलभाताई, झुरळाची कम्प्लेंट आली तर मी समजू शकतो," नाईकसाहेब म्हणाले. "आंब्याची कम्प्लेंट? मी आयुष्यात आंब्याची कम्प्लेंट घेतलेली नाही."

"बघून येते."

"रविवारी त्यांची सभा आहे. त्यात आपलं नाव नको यायला."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. माझे चारही चिखल जसेच्या तसे होते. फोडून पाहिले, आत सामसूम. आणि खाली भुसा मात्र ताजा, ओलसर, पिवळा. मी बुंध्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला काही उमगेना. वाडी झाडणाऱ्या शांताबाई खराटा टेकवून माझी गंमत बघत होत्या.

"बाई, तुमी त्या अंगाला औषध लावलंय," त्या म्हणाल्या. "भुसा ह्या अंगाला पडतो. मी झाडते म्हणून एक ढीग दिसतो तुमाला."

"ह्या अंगाला म्हणजे?"

त्यांनी खराट्यानं फळ्याखालची जमीन दाखवली. "हितं. रोज सकाळी. लई दिवस झाले. काकांना सांगितलं व्हतं मी. ते म्हणले, मी बघतो, तुम्ही कोणाला बोलू नका."

वीस वर्षांत मला कोणी शिकवलं नाही ते शांताबाईंनी शिकवलं. रोगाची हिस्टरी मालकाला नाही, झाडणाऱ्याला विचारायची.

मी वर निरोप पाठवला. परबकाका खाली आले ते हातात पक्कड घेऊनच. मी काही बोलण्याआधी त्यांनी फळ्यावरचं लिहिलेलं पुसलं, फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि खिळे काढायला लागले. फळा सुटायला अर्धा तास लागला. वर्षानुवर्षं ठोकलेल्या खिळ्यांपैकी काही आत वाकून बसले होते. ते मी मोजले, सोळा निघाले. काढून टाकलेल्या खिळ्यांच्या जुन्या भोकांची चाळण वेगळी.

फळा बाजूला झाला आणि आंबूस वास आला. मागची साल काळी, ओली, हातानं सुटेल अशी. तिच्यावर सिमेंटचे नऊ गोल. नीट घोटलेले, कडा एकसारख्या, वरून सालीच्या रंगाचा हात दिलेला. अक्षर चांगलं असलेल्या माणसाचंच काम. दोन गोलांच्या मध्ये नवं भोक होतं आणि त्यातून भुसा गळत होता.

मला राग आला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं. गणपतीआधी फळा रंगवायला उतरवला तेव्हा दोन भोकं दिसली. बुजवली. पुढच्या वर्षी आणखी."

"आणि मला म्हणालात, मागे काही नाही."

"तुम्ही बघितलं असतं तर लिहिलं असतं. लिहिलं असतं तर यांनी तोडलं असतं."

"आणि न बघता मी वाचवणार कशी होते, काका?"

त्यांनी पक्कड एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाय, चूक झाली," ते म्हणाले. इतका वेळ मी मॅडम होते.

खरं तर इथे थांबता आलं असतं. पण माझ्या धंद्यात कारण सांगितल्याशिवाय उपाय सांगता येत नाही. मी त्यांना भुंग्याच्या मादीची सवय सांगितली. तिला धड सालीत अंडं घालायला फार कष्ट पडतात. ती जखम शोधते. जखम ओलसर असेल, अंधारात असेल, वरून झाकलेली असेल, तर तिला आणखी काय हवं.

परबकाका फळ्याकडे बघत होते. मग हातातल्या खिळ्यांकडे बघितलं.

"म्हणजे मी बुजवली म्हणून वाढलं इतकंच नाही. ते आलंच माझ्यामुळे?"

मी हो म्हटलं. ते पारावर बसले. मला त्यांची दया आली, आणि राग गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तोवर मला माहीत नव्हतं.

मग मी कामाला लागले. पुढचे दोन दिवस तेच केलं. सिमेंट छिन्नीनं काढलं, कुजलेली साल कोयत्यानं तासून धड सालीपर्यंत आणली. अकरा अळ्या निघाल्या. जिथे आकडा पोचला नाही तिथे पिचकारीनं औषध सोडलं आणि चिखल लिंपला. उघड्या जखमेवर मोरचूद आणि चुन्याचा लेप दिला. बागायतदार याला बोर्डो पेस्ट म्हणतात. तो निळा असतो. गणपतीत गेरू-चुन्यानं रंगणारं झाड कमरेच्या वर निळं झालेलं पाहून वाडीतल्या पोरांनी त्याला शंकर म्हणायला सुरुवात केली.

मुख्य प्रश्न निराळा होता. झाड उभं ठेवण्याच्या लायकीचं आहे का? झाडाचं अन्न सालीच्या लगेच आतून खाली जातं. अळ्यांनी बुंध्याला पूर्ण वेढा घातला तर झाड उभ्या उभ्या मरतं. मी लाकडी हातोडीनं इंच इंच वाजवत गेले. भरीव जागी टण्ण, पोकळ जागी बद्द. बद्द वाजलेल्या भागाला खडूची खूण केली, तो बुंध्याचा तिसरा हिस्सा भरला. पूर्वेकडची मोठी फांदी, जी जिन्यावर आली होती, तिचं मूळच पोकळीवर होतं. ती ठेवणं म्हणजे कोणाच्या तरी सोमवाराची वाट बघणं. बाकीचं झाड धड होतं.

शनिवारी रिपोर्ट टाइप केला. नाईकसाहेबांनी वाचला आणि चष्मा काढला.

"ही ओळ कशाला? 'पहिल्या तपासणीत फळा न उतरवल्यामुळे मुख्य जागा आमच्याकडून सुटली.'"

"कारण सुटली."

"सुलभाताई, हे क्लायंटला लेखी कोण देतं?"

"साहेब, भोकं झाकून काय होतं ते मी दोन दिवस बघतेय."

त्यांनी सही केली, पण पुढचा आठवडाभर माझ्याशी फक्त ढेकणांबद्दल बोलले.

रविवारी सकाळी सभा झाडाखालीच भरली. म्हणजे अगदी खाली नाही. पाटकरांनी खुर्च्या पूर्वेची फांदी सोडून मांडल्या होत्या. परबकाका मागच्या रांगेत. फळा जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मी रिपोर्ट वाचला. आमची चूक आधी वाचली. मग सांगितलं: पूर्वेची फांदी परवानगी घेऊन लगेच उतरवा, बाकी झाड ठेवता येईल, पण एक वर्ष लक्ष ठेवावं लागेल.

"आणि हे लागलं कशामुळे?" पाटकरांनी विचारलं.

"बुंध्याला झालेल्या जखमांमुळे." रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं होतं.

"जखमा कोणी केल्या?"

मी कागदाकडे बघितलं. त्याचं उत्तर माझ्या दोन पानांत नव्हतं आणि ते द्यायचं काम माझंही नव्हतं. मागे खुर्ची सरकली.

"मी," परबकाका म्हणाले. "फळ्याचे खिळे माझे. भोकं मला तीन वर्षं दिसत होती. सिमेंट मी भरलं. मॅडमना खोटं मी सांगितलं. फांदी पडली तिथं शेखरची पोरगी असती तर ते पण माझ्याच नावावर गेलं असतं. तुम्हाला झाड तोडायचं तर तोडा. मी आता विरोध करणार नाही."

ते खाली बसले. पाटकर मान खाली घालून नखानं अर्जाची कड खरवडत होते. मला वाटलं, झालं, आता हात वर करायला सांगतील आणि झाड जाईल.

"काका," पाटकर म्हणाले, "पोरीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मला राग आहे तुमचा. राहणार आहे. पण पश्चिमेची चार भोकं फळ्यामागे नव्हती. तिथे गणपती मंडळाच्या लायटिंगचे खिळे असतात. ते दरवर्षी मी मारतो."

"बॅनरची तार आमची," मंडळाचा खजिनदार म्हणाला.

"कपड्यांची दोरी," गॅलरीतून आवाज आला. "ती आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे हां."

मग सुरूच झालं. क्रिकेटच्या स्टंपच्या रेघा कोणी कोरल्या, पोस्टाची पेटी कोणी अडकवली, नाव कोणी कोरलं आणि कोणाचं कोरलं. शेवटच्या मुद्द्यावर थोडं भांडणही झालं. दहा मिनिटांनी त्या सभेत निर्दोष असा एकच उरला, तो म्हणजे भुंगा. तो बिचारा दार उघडं दिसलं म्हणून आत आला होता.

ठराव असा झाला: फांदी उतरवायची, झाडाखाली काही उभं करायचं नाही, आणि एक वर्ष थांबायचं. पुढच्या पावसाळ्यानंतर मॅडम तपासतील. एकही जिवंत भोक सापडलं तर अर्ज जाईल आणि तेव्हा चर्चा होणार नाही. ही शेवटची अट पाटकरांची. मला ती रास्त वाटली.

परवानगी आली, फांदी उतरली. त्या वर्षी मोहोर जेमतेम आला आणि एरवी घराला टोपली मिळायची तिथे दोन-दोन कैऱ्या वाटल्या गेल्या. फळा जिन्याखालीच राहिला. परबकाका लिहीनात. लोक म्हणाले, भिंतीला टेकवून लिहा, स्टँड करून देतो. ते म्हणायचे, बघू. पाण्याची वेळ ग्रुपवर चार प्रकारे यायची आणि चार प्रकारची भांडणं व्हायची.

मी महिन्यातून एकदा जात राहिले. त्याचं बिल लावलं नाही, म्हणून नाईकसाहेबांनी ते वरळीच्या वाटेवरचं काम समजावं असं ठरलं. मे महिन्यात मी बुंध्याला नायलॉनची बारीक जाळी गुंडाळून दिली. आत एखादी अळी वाचली असेल तर तिचा भुंगा पावसाच्या सुमारास बाहेर पडणार. जाळीत अडकला तर तो उडून जाणार नाही, आणि बाहेरच्या मादीला सालीपर्यंत पोचता येणार नाही. परबकाकांना सांगितलं, रोज बघा. त्यांनी वही केली.

जुलैत एका दुपारी ते छत्री आणि लोणच्याची बरणी घेऊन थेट आमच्या ऑफिसात आले. बरणी नाईकसाहेबांच्या टेबलावर ठेवली. आत मिशा हलवत भुंगा.

"हे काय आहे?" साहेब खुर्चीसकट मागे गेले.

"एक राहिला होता," परबकाका मला म्हणाले. "जाळीच्या आत मिळाला. बाय, याला जिवंत भोक म्हणायचं का?"

मी बरणी उजेडात धरली. नारिंगी ठिपके, धड पंख. "भोक तर रिकामं झालं ना, हाच बाहेर आला म्हणजे. जाळी कुठे फाटली आहे?"

"नाही. मी बोट फिरवून बघितली. दोनदा."

"मग आत जोडीदार आलेला नाही, अंडी घातलेली नसणार. पण मी आत्ता काही सांगणार नाही. ऑक्टोबरात सांगेन."

ते भुंग्याकडे बघत राहिले. "दिसायला देखणा आहे हो," ते म्हणाले. मग बरणी तिथेच ठेवून निघून गेले. ती अजून माझ्या कपाटात आहे. भुंगा टाचणीवर आहे.

ऑक्टोबरात पाऊस पुरता गेल्यावर मी जाळी सोडली. पाटकर शेजारी उभे राहिले, त्यांची मुलगी दप्तर घेऊन त्यांच्या शेजारी. मी वरपासून खालपर्यंत साल तपासली. जुना लेप सुटला होता आणि त्याच्या कडेनं नवी साल जखमेवर चढत होती, गुळगुळीत, ओठासारखी. भुंगा बाहेर पडला ते गोल भोक कोरडं होतं. मग मी बुंध्याला कान लावला. पश्चिमेला, उत्तरेला, पूर्वेला. बराच वेळ.

"काय?" पाटकर म्हणाले.

"काही नाही."

"नक्की?"

"फळ्यामागेही काही नाही. बघून सांगतेय."

पाटकरांनी खिशातून अर्ज काढला, चार तुकडे केले आणि शांताबाईंच्या सुपात टाकले. परबकाका तोवर कुठे दिसेनात. ते जिन्याखालून फळा ओढत आणत होते. मुलगी दप्तर टाकून दुसरं टोक धरायला गेली. दोघांनी तो पारावर, एका जुन्या स्टुलाला टेकवून उभा केला. बुंध्यापासून हातभर अंतर सोडून. काकांनी फडक्यानं धूळ पुसली, खिशातून खडू काढला आणि लिहिलं. सुविचाराच्या जागी सुविचार नव्हता.

आंबा राहतो.
झाडाला खिळा मारू नये.
सोळा मी मारले होते.
द. वि. परब

आणि खाली नेहमीसारखं: उद्या पाणी अर्धा तास उशिरा.

लोक वाचत होते. पाण्याची वेळ मात्र सगळ्यांनी वाचून घेतली. मी डोळे पुसले ते कोणाला दिसू नये म्हणून स्पोक पुसत बसले.

आता कुठल्याही झाडाचा कॉल आला की मी आधी त्याला टांगलेलं सगळं उतरवायला लावते. ते कोणाचं आहे हे नंतर विचारते.